परदेशी युद्धाचा पैसा आणि बदलणारी कारणं : अमेरिकी मतदानाच्या नोंदी कशा वाचाव्यात

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकी सिनेटने युक्रेन, इस्रायल आणि तैवानसाठी सुमारे ९५ अब्ज डॉलरची मदत ७० विरुद्ध २९ मतांनी मंजूर केली. साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम त्या २९ जणांत होते. दहा आठवड्यांनी, २३ एप्रिलला, जवळपास तेवढ्याच रकमेचं विधेयक पुन्हा आलं आणि ७९ विरुद्ध १८ ने पास झालं. या वेळी ग्रॅहम ७९ मध्ये होते. बराक ओबामा अध्यक्ष असल्यापासून ‘युक्रेनला शस्त्रं द्या’ असा धोशा लावणाऱ्यांपैकी हेच ते गृहस्थ.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ राहतो. त्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, “मामा, या माणसाचं नक्की म्हणणं तरी काय आहे?” मी त्याला एक वही करायला सांगितलं. ती वही कशी ठेवायची, त्यात काय लिहायचं आणि कुठे फसायला होतं, ते सगळं इथे मांडतो आहे. उदाहरण युक्रेनचं घेतलं आहे, कारण त्याच्या नोंदी ताज्या आणि पूर्ण आहेत. रीत मात्र कुठल्याही परदेशी युद्धाच्या पैशाला लागू पडते.

आधी एक फरक समजून घ्या

आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाने व्हिप काढला की खासदाराला त्याबाहेर मत देता येत नाही. दिलं तर खासदारकीवर गदा येते. त्यामुळे आपण पक्षाची भूमिका बघतो, खासदाराचं मत वेगळं शोधत नाही. अमेरिकेत व्हिप असतो, पण तो विनवण्या करतो, दटावतो, फार तर एखाद्या समितीतली जागा काढून घेतो. सदस्यत्व जात नाही. म्हणून तिथे ‘रिपब्लिकन पक्षाचा विरोध’ हे वाक्य अर्धवट असतं. किती रिपब्लिकनांचा आणि कोणत्या दिवशी, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरं म्हणजे स्पीकर. आपल्या लोकसभेचा अध्यक्ष निदान कागदोपत्री पक्षापलीकडचा असतो. अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन सभागृहं आहेत : सिनेट आणि प्रतिनिधिगृह. प्रतिनिधिगृहाचा स्पीकर हा बहुमतातल्या पक्षाचा उघड नेता असतो आणि कुठलं विधेयक मतदानाला येणार हे बहुतांशी त्याच्या हातात असतं. याचा उपयोग पुढे कळेल.

पायरी १ : भाषण बाजूला ठेवा, विधेयकाचा क्रमांक पकडा

वहीत सात रकाने आखा : तारीख, विधेयकाचा क्रमांक, रक्कम, त्या सदस्याचं मत, त्याने दिलेलं कारण, व्हाइट हाउसमध्ये तेव्हा कोण होतं, त्या सभागृहात बहुमत कोणाचं होतं.

पहिले चार रकाने भरायला काँग्रेस डॉट गव्ह ही सरकारी साइट, तसंच प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कची आणि सिनेटची नोंद पुरेशी आहे. प्रत्येक नोंदलेल्या मतदानात नावानिशी ‘हो’, ‘नाही’, ‘हजर’ किंवा ‘मत दिलं नाही’ असं दिसतं. ‘हजर’ ही पळवाट तपासायला विसरू नका. २० एप्रिल २०२४ ला पेनसिल्व्हेनियाच्याच एका रिपब्लिकन सदस्याने युक्रेनच्या मदतीवर एवढीच नोंद केली होती.

विधेयकाच्या नावावर जाऊ नका. एप्रिल २०२४ चं अंतिम विधेयक एच.आर. ८१५ या क्रमांकाने कायदा झालं. हा क्रमांक मुळात माजी सैनिकांच्या तातडीच्या औषधोपचाराशी संबंधित विधेयकाचा होता. त्याचं कवच तेवढं ठेवून आतला मजकूर बदलला. म्हणून शीर्षक वाचून थांबलात तर ‘माजी सैनिकांच्या विरोधात मत दिलं’ असा भलताच आरोप खरा वाटू शकतो.

आवाजी मतदान आणि ‘एकमताने संमत’ यांत नावं नोंदली जात नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनला शस्त्रं उसनवारीने देण्याचा कायदा सिनेटने असाच पास केला. प्रतिनिधिगृहात मात्र ४१७ विरुद्ध १० अशी नावनिशी नोंद आहे. जिथे नावं नाहीत तिथे कुणाच्याही माथी मत मारू नका.

पायरी २ : रकमेचं मराठी करा

मराठी बातम्यांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. १ बिलियन म्हणजे १ अब्ज, म्हणजे १०० कोटी. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनच्या वाट्याला सुमारे ६१ अब्ज डॉलर आले, म्हणजे ६,१०० कोटी डॉलर. त्या वेळच्या साधारण ८३ रुपयांच्या दराने ५ लाख कोटी रुपये. भारताचा २०२४-२५ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.२१ लाख कोटींचा होता, यावरून आवाका लक्षात येतो.

आकडा कळला की तो कुठे जातो ते पाहा. या ६१ अब्जांपैकी सुमारे २३ अब्ज अमेरिकेचीच रिकामी झालेली कोठारं भरण्यासाठी होते. सुमारे १४ अब्ज युक्रेनसाठी कंपन्यांना नवी शस्त्रं बनवायला देण्याचे, ११ अब्जांच्या आसपास युरोपातल्या अमेरिकी लष्कराच्या कामाचे. युक्रेन सरकारच्या हाती पडणारी आर्थिक मदत एकूण रकमेचा छोटा भाग होती.

भाचा जिथे राहतो त्या स्क्रँटन शहरात, जुन्या रेल्वे इंजिनांच्या कार्यशाळेत, १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांची कवचं बनतात. पोलादाचा तुकडा भट्टीत लालबुंद तापवायचा, दाबयंत्राखाली पोकळ करायचा, मग तासून घासून त्याला आकार द्यायचा. ही कवचं पुढे आयोवाला जातात, तिथे त्यांत स्फोटक भरतात. तयार गोळ्याचं वजन ४५ किलोच्या आसपास. सप्टेंबर २०२४ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की या कारखान्यात जाऊन कामगारांचे आभार मानून आले. ‘पैसा परदेशात चालला’ हे वाक्य ऐकलं की मला हा कारखाना आठवतो. आणि ‘हा पैसा तर आपल्याच कामगारांना मिळतो’ हे वाक्य ऐकलं की तो गोळा शेवटी कुठे जाऊन पडतो तेही आठवतं. दोन्ही वाक्यं अर्धी आहेत. वहीत दोन्ही लिहा.

कोठारातून काढून दिलेल्या जुन्या शस्त्राची किंमत किती धरायची? नवं घ्यायला जेवढे लागतील तेवढी, की वापरून झिजल्यावर उरलेली? जून २०२३ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, जाहीर केलं की दोन वर्षांत मिळून आपण किंमत ६.२ अब्ज डॉलरने जास्त लावली होती. म्हणजे एका कागदी दुरुस्तीने तेवढी आणखी शस्त्रं देण्याची मुभा मिळाली. एक बाजू याला हलगर्जी म्हणाली, दुसरी सुदैव. आणि डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेने ३५० अब्ज डॉलर दिले असं वारंवार सांगतात, तेव्हा २०२२ ते २०२४ मधल्या पाच विधेयकांत काँग्रेसने मंजूर केलेली एकूण रक्कम सुमारे १७५ अब्ज होती, हे शेजारी लिहून ठेवा.

पायरी ३ : विरोधी मतं एका ओळीत मांडा

ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकनांची ‘नाही’ मतं बघा.

मार्च २०२२, युक्रेनला पाठिंब्याचा ठराव, पैशाचा संबंध नाही : ३.
मे २०२२, ४० अब्ज डॉलर : ५७.
सप्टेंबर २०२३, ३० कोटी डॉलर : ११७.
एप्रिल २०२४, सुमारे ६१ अब्ज डॉलर : ११२.

मधल्या दोन ओळी पुन्हा वाचा. ४० अब्ज म्हणजे ४,००० कोटी. त्याला ५७ जणांचा विरोध. तीस कोटींना, म्हणजे शंभर पटींहून लहान रकमेला, दुप्पट विरोध. आणि त्या काळात सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण होतं, ‘एवढा खर्च परवडत नाही.’ खर्च हे खरं कारण असतं तर ओळ उलटी दिसली असती.

मग काय बदललं होतं? नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे आलं. ट्रम्प पुन्हा उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. युक्रेनची २०२३ च्या उन्हाळ्यातली चढाई अपेक्षेएवढी यशस्वी झाली नाही. आणि मतदार सरकले : प्यू संस्थेच्या पाहणीत ‘आपण युक्रेनला फार जास्त मदत करतोय’ म्हणणारे रिपब्लिकन मार्च २०२२ मध्ये ९ टक्के होते, डिसेंबर २०२३ मध्ये ४८ टक्के. यातलं युद्धाचं बदलणं हे न्याय्य कारण आहे. बाकीची घरच्या राजकारणाची. वहीत दोन वेगळ्या रंगांनी लिहा.

पायरी ४ : प्रत्येक कारणाला विचारा, ‘हे पूर्ण झालं तर तुम्ही हो म्हणाल का?’

कारणं बरीच ऐकू येतात. ‘कोरा चेक देणार नाही’, हे प्रतिनिधिगृहातले तेव्हाचे रिपब्लिकन नेते आणि पुढे स्पीकर झालेले केव्हिन मॅकार्थी यांचं ऑक्टोबर २०२२ मधलं वाक्य. ‘हिशेब दाखवा’, ‘युरोपने भरावं’, ‘कर्ज म्हणून द्या’, ‘युद्धाचा शेवट काय ते सांगा’. यातलं एकही कारण मुळात वाईट नाही. करदात्याने हेच विचारायला हवं. प्रश्न एवढाच, की अट पूर्ण झाल्यावर मत बदललं का.

‘आधी आपली सीमा, मग युक्रेनची’ या अटीची कसोटी तर कॅलेंडर समोर ठेवून घेता येते.

२० ऑक्टोबर २०२३ ला जो बायडन यांनी सुमारे १०६ अब्ज डॉलरची मागणी पाठवली. त्यात ६१ अब्ज युक्रेनसाठी होते, थोडे मेक्सिकोच्या सीमेसाठीही. रिपब्लिकन म्हणाले, पैसा नको, कायदा बदला. आश्रयाचे नियम कडक करा. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, कनेक्टिकटचे डेमोक्रॅट क्रिस मर्फी आणि अॅरिझोनाच्या अपक्ष कर्स्टन सिनेमा असे तिघे कित्येक आठवडे बोलणी करत बसले. ४ फेब्रुवारी २०२४ ला मसुदा बाहेर आला : ११८ अब्ज डॉलर, आणि डेमोक्रॅट पक्षाने अनेक वर्षांत मान्य केला नसता इतका कडक सीमा कायदा. ट्रम्प यांनी तो नको म्हणून सांगितलं. स्पीकर माइक जॉन्सन म्हणाले, आमच्या सभागृहात तो येण्याआधीच मेलेला आहे. ७ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० मतं पडली; पुढे जायला ६० लागत होती. पाठिंबा देणारे रिपब्लिकन चार. काही डेमोक्रॅटही विरोधात गेले, सीमेचे नियम फार कडक म्हणून. तेही लिहा.

सहा दिवसांनी सीमा वगळून ९५ अब्जांचं विधेयक पास झालं, आणि त्याला विरोध करणाऱ्या अनेकांनी कारण काय दिलं? यात सीमा नाही.

याला आपण ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतो. ज्याला सीमेचा कायदा मनापासून हवा होता, त्याच्यासमोर तो आठवड्याभरापूर्वीच आला होता. त्याच महिन्यात, १७ फेब्रुवारीला, आव्दीव्का शहर रशियाच्या ताब्यात गेलं. युक्रेनच्या तोफांना गोळे पुरत नव्हते. वॉशिंग्टनमधल्या या तारखा वाचताना तिकडच्या तारखाही शेजारी लिहायची सवय ठेवा.

‘कर्ज म्हणून द्या’ ही कल्पना ट्रम्प यांनी मांडली, ग्रॅहम यांनी उचलली. एप्रिलच्या विधेयकात सुमारे ९ अब्जांची आर्थिक मदत कर्ज म्हणून लिहिली गेली, पण अध्यक्षाला ती टप्प्याटप्प्याने माफ करता येईल अशी सोय ठेवून. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी त्यातला अर्धा भाग माफ करायला घेतला. लष्करी मदतीला कर्जाचा नियम लागलाच नाही. म्हणजे ग्रॅहम यांच्या फेब्रुवारीतल्या ‘नाही’चं एप्रिलमध्ये ‘हो’ होताना विधेयक बदललं होतं, पण थोडंसं. आणि सीमेचा कायदा तर एप्रिलमध्येही त्यात नव्हता. आता भाच्यालाच ठरवू दे, एवढ्या बदलाने मत फिरावं की नाही.

पायरी ५ : मतदान झालंच नाही, त्याचीही नोंद करा

सिनेटचं विधेयक प्रतिनिधिगृहात दोन महिने पडून होतं. मतदान झालं असतं तर पास झालं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण स्पीकरने ते पटलावर आणलं नाही. बहुमतातल्या पक्षाच्या निम्म्याहून अधिक सदस्यांना नको असलेलं विधेयक आणू नये असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडला की खुर्ची धोक्यात येते. ३ ऑक्टोबर २०२३ ला मॅकार्थी यांची खुर्ची २१६ विरुद्ध २१० मतांनी गेली होती, ही आठवण ताजी होती. स्पीकरला डावलायचा मार्ग आहे, २१८ सह्यांचा अर्ज. पण त्यावर सही करणं म्हणजे स्वतःच्या पक्षाशी उघड भांडण.

शेवटी जॉन्सन यांनी गठ्ठा सोडून चार वेगळी विधेयकं केली. ज्याला इस्रायल हवं आणि युक्रेन नको, त्याला तसं मत देता आलं. आपल्या विधिमंडळात पुरवणी मागण्यांच्या मोळीत काय काय घुसतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना गाड्याबरोबर नळ्याची यात्रा कशी घडते हे सांगायला नको. मोळी सुटली की प्रत्येकाचं मत उघडं पडतं. २० एप्रिलला युक्रेनचं विधेयक ३११ विरुद्ध ११२ ने पास झालं. रिपब्लिकन १०१ बाजूने, ११२ विरोधात. डेमोक्रॅट सदस्यांनी सभागृहात छोटे युक्रेनी झेंडे फडकवले आणि पीठासीन सदस्याला नियमाची आठवण करून द्यावी लागली.

एक गोष्ट या नोंदीत दिसत नाही. विधेयक पास व्हावं असं वाटतं, पण मतदारसंघात सांगायला ‘नाही’ हवं, असेही सदस्य असतात. ते कोण, हे कागदावरून सिद्ध करता येत नाही, म्हणून नाव घेऊ नका. पण विधेयक मतदानाला येऊ द्यायचं की नाही यावर वेगळं मतदान होतं, तेही उघडून बघा. एकच सदस्य दरवाजा उघडायला ‘हो’ आणि आत गेल्यावर ‘नाही’ म्हणाला असेल, तर तिथे तुम्हाला बरंच काही सापडेल.

पायरी ६ : खुर्च्यांची अदलाबदल करून बघा

एका पक्षाच्या चुका मोजून थांबलात तर तुम्हीही त्याच खेळात सामील झालात. मागे जा.

एप्रिल १९९९. बिल क्लिंटन यांचे कोसोवोतले हवाई हल्ले. त्यांना पाठिंबा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २१३-२१३ असा बरोबरीत अडकून पडला. बाजूने बहुतेक डेमोक्रॅट, विरोधात बहुतेक रिपब्लिकन. ऑक्टोबर २००२, जॉर्ज बुश यांना इराकसाठी अधिकार देण्याचं मतदान, २९६ विरुद्ध १३३. रिपब्लिकन फक्त सहा विरोधात, डेमोक्रॅटांतले बहुसंख्य विरोधात.

मे २००७. बहुमत डेमोक्रॅटांकडे. इराकमधून माघारीचं वेळापत्रक घातलेलं विधेयक बुश यांनी १ मे रोजी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. तेव्हा रिपब्लिकनांचा सूर होता, की पैसा अडवणं म्हणजे रणांगणावरच्या सैनिकाला वाऱ्यावर सोडणं. महिनाअखेरीस वेळापत्रक नसलेलं विधेयक पास झालं. सिनेटर ओबामा आणि सिनेटर हिलरी क्लिंटन यांनी विरोधात मत दिलं.

आता जून २००९. तेच ओबामा अध्यक्ष, तीच इराक-अफगाणिस्तानची युद्धं, १०६ अब्जांचं विधेयक. प्रतिनिधिगृहात २२६ विरुद्ध २०२. बाजूने रिपब्लिकन अवघे पाच. कारण दिलं गेलं, की त्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा घुसवला आहे. आक्षेप खोटा नव्हता, तो पैसा होता. पण वाऱ्यावर सुटणारा सैनिक दोन वर्षांत कुठे गेला? आणि युद्धाला विरोध म्हणून निवडून आलेले डेमोक्रॅट बहुसंख्येने ‘हो’ म्हणाले. ३२ जण मात्र जुन्या मतावर ठाम राहिले.

ही तुलना जशीच्या तशी युक्रेनला लावू नका. इराकमध्ये अमेरिकी सैनिक लढत होते, युक्रेनमध्ये नाहीत. तुलना फक्त एवढीच, की पैशावरचं बोलणं कुणाच्या खुर्चीबरोबर फिरतं.

पायरी ७ : खरोखर मत बदललेला माणूस ओळखा

हे सर्वांत कठीण, आणि इथे घाई केली तर अन्याय होतो. माइक जॉन्सन यांनी मे २०२२ च्या ४० अब्जांना विरोध केला होता, सप्टेंबर २०२३ च्या ३० कोटींनाही. स्पीकर झाल्यावर त्यांना गुप्तचर खात्याची माहिती मिळू लागली आणि एप्रिल २०२४ मध्ये ते म्हणाले की अमेरिकी मुलं पाठवण्यापेक्षा मी गोळ्या पाठवीन. माझा मुलगा या वर्षी नौदल अकादमीत जातो आहे, असंही जॉन्सन म्हणाले. यात पद वाचवण्याचा फायदा नव्हता, उलट पदच पणाला लागलं होतं. मे महिन्यात त्यांना हटवण्याचा प्रस्ताव आलाच. तो डेमोक्रॅटांच्या मदतीने ३५९ विरुद्ध ४३ मतांनी बाजूला सारला गेला. बदलाची किंमत मोजायची तयारी दिसली, तर मी तो बदल प्रामाणिक धरतो.

उलट ऑक्टोबर २०२२ मध्ये ३० पुरोगामी डेमोक्रॅट सदस्यांनी रशियाशी थेट बोलणीही करून पाहा असं पत्र बायडन यांना पाठवलं आणि पक्षातून ओरड होताच दुसऱ्या दिवशी मागे घेतलं. चोवीस तासांत युद्धात काहीच बदललं नव्हतं.

आणि काही जण बदलतच नाहीत. केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांनी मे २०२२ मध्ये, युक्रेनला सगळीकडून पाठिंबा असताना, हिशेब तपासनीस नेमा म्हणून विधेयक अडवून धरलं आणि पुढेही विरोध सोडला नाही. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण वहीत त्यांची ओळ सरळ आहे आणि ते लिहायला हवं.

पायरी ८ : आपल्या प्रतिनिधीपासून सुरुवात करा

तुम्ही अमेरिकेत मतदार असाल तर पिनकोड टाकून आपला प्रतिनिधी शोधा आणि वर दिलेल्या तारखांची मतं भरा. अर्ध्या तासाचं काम आहे. डेट्रॉइट परिसरातून २०२२ मध्ये निवडून आलेले श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे सदस्य. त्यांचीही मतं तिथेच नावानिशी मिळतात. मराठी म्हणून त्यांना सूट नको, जास्तीचा जाचही नको. मग प्रतिनिधीच्या कार्यालयाला फोन करा आणि ‘तुम्ही युक्रेनच्या बाजूचे की विरोधातले’ असं न विचारता तारीख सांगून विचारा : “सप्टेंबर २०२३ मध्ये हे कारण दिलं होतंत, एप्रिल २०२४ मध्ये ते का लागू झालं नाही?” फोन उचलणारी मुलं-मुली बहुधा विशीतली असतात, आवाज चढवू नका, ती प्रश्न टिपून घेतात.

भाच्याने मागच्या महिन्यात वहीचा फोटो पाठवला. २०२५ पासूनच्या ओळी त्याने नव्या पानावर घेतल्या आहेत : मार्चमध्ये ट्रम्प यांनी मदत थांबवून आठवड्याभरात पुन्हा सुरू केली, ३० एप्रिलला खनिजांचा करार, जुलैत नाटो देशांनी अमेरिकी शस्त्रं विकत घेऊन युक्रेनला द्यायची योजना. सहाव्या रकान्यातलं नाव बदललं आहे. पाचव्या रकान्यात, म्हणजे कारणांच्या, तो आता जुन्या पानांवरचीच वाक्यं दुसऱ्या पक्षाच्या तोंडी सापडतात का ते शोधतो आहे.